जुनं सबड्युरल: आधी नळी, मग बाकीचं

क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाखाली हळूहळू साठत गेलेलं जुनं रक्त. न्यूरोसर्जरीत, कवटीला भोक पाडून ते काढण्याच्या ऑपरेशनला फारसं कुणी मोठं मानत नाही. शिकाऊ डॉक्टरच्या हाती सुरुवातीलाच जी ऑपरेशनं येतात, त्यांतलं हे एक. तरी गेल्या काही वर्षांत या आजारावर एकामागून एक चाचण्या झाल्या आणि २०२४ मध्ये तर न्यू इंग्लंड जर्नल या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तीन आल्या. गाजावाजा झाला तो फक्त एका गोष्टीचा: मनगटातून किंवा मांडीतून बारीक कॅथेटर वर नेऊन रक्तवाहिनी बुजवण्याचा. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या थिएटरात उद्यापासून करता येतील अशा स्वस्त गोष्टींबद्दल त्या मानाने कुणी बोललंच नाही. मला त्यांच्याबद्दलच जास्त लिहायचं आहे.

आधी आजार समजून घेऊ. पडणं साधंच असतं. मोरीत पाय घसरतो, बाजेवरून उतरताना तोल जातो, मोटारसायकलवर मागे बसलेल्या आजी गतिरोधकावर उडून खाली येतात. डोक्याला टेंगूळ येतं, हळद लावली जाते, विषय संपतो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. त्यांतली एखादी फाटली की थोडं रक्त झिरपतं. शरीर त्याभोवती पापुद्रा तयार करतं, त्या पापुद्र्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या सतत गळत राहतात. आत गुठळी विरघळवणारी रसायनंही तयार होतात, म्हणून रक्त गोठत नाही आणि गळती थांबत नाही. म्हणजे मूळ जखम बरी झाल्यावरही साठा वाढत जातो. या पापुद्र्याला रक्त पुरवते मिडल मेनिंजियल नावाची धमनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी लक्षणं दिसतात तेव्हा घरात ते पडणं कुणालाच आठवत नसतं. डॉक्टरने विचारलं तर उत्तर येतं, ‘नाही, पडले नाहीत.’ म्हणून प्रश्न असा विचारावा: गेल्या तीन महिन्यांत कुठे घसरले, कशाला डोकं लागलं, दाराची चौकट लागली? लक्षणं बारीक असतात. चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळतही नाही. सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागतो. भाकरी मोडताना एक हात मागे पडतो. सकाळी डोकं जड असतं, दिवसा नको इतकी झोप येते. घरचे सांगतात, ‘बाबाले काही याद ऱ्हास नही,’ आणि सगळे वयाला दोष देऊन मोकळे होतात. वयाचा विसराळूपणा वर्षावर्षाने वाढतो. हा काही आठवड्यांत वाढतो आणि एक दिवस बरा, एक दिवस वाईट असा झुलतो. एवढ्या फरकावर सीटी स्कॅन करायला हरकत नाही.

याच्या उलट चूक जास्त महाग पडते. हात-पाय लुळा पडला, पॅरालिसिस आला असं समजून सीटीच्या आधीच अ‍ॅस्पिरिन सुरू होते. आत रक्त साठलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी! पॅरालिसिसच्या कुठल्याही रुग्णाला गोळी देण्याआधी सीटी हवाच. शहाद्याहून नंदुरबारला किंवा पारोळ्याहून धुळ्याला जावं लागलं तरी हवाच.

सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं, जुनं काळपट. मधल्या काळात, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ते मेंदूच्याच रंगाचं होतं आणि इथेच नजर चुकते. एका बाजूला असेल तर मधली रेषा सरकलेली दिसते, त्यावरून पकडता येतं. दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर रेषा मधोमध राहते आणि फिल्म ‘नॉर्मल’ वाटते. ऐंशीच्या माणसाच्या मेंदूवरच्या घड्या रुंद दिसायला हव्यात. त्या पुसल्यासारख्या असतील, मेंदू वयाच्या मानाने फारच ‘तरुण’ दिसत असेल, तर रक्त शोधावं.

प्रत्येकाचं ऑपरेशन करावं लागत नाही. साठ्याची जाडी १० मिलिमीटरपेक्षा कमी, मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा कमी सरकलेली आणि लक्षणं जवळपास नाहीत, अशांना थांबून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा सीटी करून पाहता येतं. या गटासाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर चीनमध्ये १९६ रुग्णांची चाचणी झाली (२०१८). रोज २० मिलिग्रॅम, आठ आठवडे. पुढे ऑपरेशन लागलं ते गोळी घेणाऱ्यांत ११.२ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत २३.५ टक्क्यांना. चाचणी लहान आहे, पण गोळी स्वस्त आणि ओळखीची. मात्र चालता न येणाऱ्या, गुंगीतल्या माणसाला गोळीवर ठेवणं म्हणजे वेळ घालवणं.

ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. हृदयाची झडप बदललेली असेल तर वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम चालू असते, स्टेंट टाकलेला असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. गोळ्यांची पिशवीच सोबत न्यावी, ‘हृदयाची पांढरी गोळी’ म्हणून कुणाला काही कळत नाही. वॉरफरिनवरच्या रुग्णाचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) १.५ च्या खाली आणूनच सर्जन हात लावतो. त्यासाठी व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश देतात, घाई असेल तर त्याबरोबर प्लाझ्मा किंवा क्लॉटिंग फॅक्टरचं काँसन्ट्रेट. एकट्या अ‍ॅस्पिरिनबद्दल स्वित्झर्लंडमध्ये १५५ रुग्णांची चाचणी झाली: ऑपरेशनच्या काळात बारा दिवस बंद ठेवावी की चालूच ठेवावी? रक्त पुन्हा साठण्यात ठोस फरक दिसला नाही. आकडा लहान असल्याने यावरून सरसकट नियम करता येत नाही, पण स्टेंटवाल्या रुग्णाची अ‍ॅस्पिरिन घाबरून महिनाभर बंद ठेवणाऱ्यांनी तरी हे वाचावं.

आता ऑपरेशन. पूर्ण भूल देऊन होतं, तसं जागा सुन्न करूनही होतं. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस कमजोर आहे त्यांना दुसरा मार्ग बरा. डोक्याच्या त्या बाजूला कातडीवर तीन-चार सेंटीमीटरचे दोन छेद, एक पुढे, एक मागे. ड्रिलने हाडाला साधारण १४ मिलिमीटरचं भोक. हाडाखालचं आवरण जाळून रक्तस्राव थांबवतात आणि ते अधिक चिन्हाच्या आकारात उघडतात. आतून दाबाखालचं, इंजिनच्या जळक्या तेलासारखं काळपट पातळ रक्त बाहेर येतं. ते एकदम उडू न देता हळूहळू सोडायचं असतं, कारण दाब झटक्यात उतरला तर मेंदूत किंवा दुसऱ्या बाजूला ताजा रक्तस्राव होऊ शकतो. मग एका भोकातून सलाईन सोडून दुसऱ्यातून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं. शेवटी आत मऊ नळी ठेवून ती कातडीखालून काही सेंटीमीटर दूर नेऊन बाहेर काढतात आणि पिशवीला जोडतात. कातडीखालचा तो प्रवास जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. टाके घालण्याआधी पोकळी सलाईनने भरून हवा बाहेर काढली नाही तर ती आत अडकते. थोडी हवा सगळ्यांच्याच सीटीवर दिसते. जास्त असेल आणि मेंदूला दाबत असेल तर रुग्ण शुद्धीवर यायला उशीर लावतो.

नळी ठेवायची की नाही यावर पूर्वी सर्जनांत दोन तट होते. केंब्रिजच्या चाचणीने (लॅन्सेट, २००९) वाद मिटवला. २१५ रुग्ण, निम्म्यांना नळी, निम्म्यांना नाही. पुन्हा ऑपरेशन लागलं ते नळीवाल्यांत ९.३ टक्क्यांना, बिननळीच्यांत २४ टक्क्यांना. सहा महिन्यांत मृत्यू ८.६ टक्के विरुद्ध १८.१ टक्के. फरक इतका होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. त्यानंतरच्या कुठल्याही महागड्या उपायाने मृत्यूचा आकडा असा अर्ध्यावर आणलेला नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा: नळी ठेवणार ना? ठेवणार नसतील तर कारण विचारा. मेंदू लगेच फुगून वर आला आणि नळीला जागाच उरली नाही, असं खरं कारणही असू शकतं.

नळी नेमकी कुठे ठेवायची, हा पुढचा प्रश्न. मेंदूलगत ठेवली तर क्वचित ती मेंदूत घुसते. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या चाचणीत हाडाच्या बाहेर, हाडावरच्या पापुद्र्याखाली नळी ठेवून पाहिली. संसर्ग आणि चुकीच्या जागी जाण्याचं प्रमाण कमी झालं. रक्त पुन्हा साठण्याच्या बाबतीत ती पद्धत कमी पडत नाही, हे मात्र त्या आकड्यांवरून सांख्यिकी कसोटीवर सिद्ध झालं नाही. नव्या हाताने हाडाबाहेरची नळी वापरावी असं माझं मत. किती वेळ ठेवायची? डेन्मार्कमध्ये २४ तास आणि ४८ तासांची तुलना केली, फरक आढळला नाही.

धुण्याच्या पाण्याबद्दलची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला पैसाच लागत नाही. स्वीडनमध्ये ५४१ रुग्णांपैकी काहींना खोलीच्या तापमानाचं, म्हणजे २२ अंशांचं पाणी वापरलं, काहींना शरीराच्या तापमानाचं, ३७ अंशांचं. सहा महिन्यांत दुसरं ऑपरेशन थंड पाण्याच्या गटात १४ टक्क्यांना, कोमट पाण्याच्या गटात ६ टक्क्यांना. गुठळ्या कोमट पाण्यात बऱ्या सुटतात आणि रक्त गोठवणारी यंत्रणाही शरीराच्या तापमानालाच नीट चालते. मे महिन्यात भुसावळच्या एखाद्या स्टोअरमधली सलाईनची बाटली न तापवताच कोमट निघेल, पण एसीखाली रात्रभर ठेवलेली बाटली थंडच असते आणि टेबलावर तीच येते. बाटल्या वॉर्मरमध्ये आधीच ठेवाव्यात. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नयेत, तिथे पाणी सारखं तापत नाही आणि ६० अंशांचं पाणी मेंदूवर ओतलं तर काय होईल ते सांगायला नको.

मुळात धुवायचंच कशाला, असाही प्रश्न फिनलंडमध्ये विचारला गेला (लॅन्सेट, २०२४). ५८९ रुग्ण. न धुता नुसती नळी ठेवलेल्यांत १८.३ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन, धुतलेल्यांत १२.६ टक्क्यांना. मृत्यू आणि सहा महिन्यांनंतरची तब्येत सारखीच. वाचली ती जेमतेम पाच मिनिटं. तेवढ्यासाठी कुणी धुणं सोडू नये.

वॉर्डात आल्यावर पिशवीकडे लक्ष ठेवायचं काम बहुतेक वेळा नातेवाइकांच्याच गळ्यात पडतं. पिशवी डोक्याच्या पातळीखाली ठेवायची. बाथरूमला नेताना कुणीतरी ती खांद्यावर टाकतं आणि पिशवीतलं द्रव परत आत जातं. उलट रुग्णाला उभं करून पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबकळू दिली तर गरजेपेक्षा जास्त ओढलं जातं आणि डोकं ठणकायला लागतं. हलवण्याआधी नळीचा क्लॅम्प बंद करायचा, जागेवर आल्यावर उघडायचा. उघडायचं विसरलं की सकाळी पिशवी रिकामी असते आणि सगळ्यांना वाटतं, रक्त थांबलं. पहिल्या दिवशी लालसर पाणी, मग पिवळट, हा नेहमीचा क्रम. अचानक गडद ताजं लाल आलं तर लगेच सिस्टरला बोलवा. नळी निघाली तर परत आत ढकलायची नाही, त्या जागी स्वच्छ गॉज दाबून धरायचं.

‘दोन दिवस उशीशिवाय सपाट झोपवा, हलवू नका’ हा सल्ला आपल्याकडे अजून चालतो. पोर्तुगालच्या चाचणीत रुग्णांना बारा तासांच्या आत बसवलं, उभं केलं, चालवलं. रक्त पुन्हा साठण्याचं प्रमाण वाढलं नाही आणि न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग अशा तक्रारी कमी झाल्या. ऐंशीचा माणूस या ऑपरेशनने सहसा दगावत नाही. दगावतो तो नंतर छातीत कफ भरून. बसवा, चालवा, खोल श्वास घ्यायला लावा.

आता डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड. गावोगावच्या दवाखान्यात ताप, दमा, अंगदुखी, सगळ्यावर टोचलं जाणारं हे इंजेक्शन मेंदूची सूज कमी करतं ही ख्याती खरी आहे, पण ती ट्यूमरभोवतीच्या सुजेबद्दल. जुन्या सबड्युरलसाठी ब्रिटनमध्ये ७४८ रुग्णांवर चाचणी झाली (२०२०). दिवसातून दोनदा ८ मिलिग्रॅमने सुरू करून दोन आठवड्यांत बंद. बहुतेकांचं ऑपरेशनही झालेलं होतं. दुसरं ऑपरेशन डेक्सावाल्यांत १.७ टक्के, बिनऔषधाच्या खोट्या गोळीवाल्यांत ७.१ टक्के. इथपर्यंत वाचून थांबलं तर डेक्सा जिंकलं असं वाटेल. पण सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे डेक्सा गटात ८३.९ टक्के, दुसऱ्या गटात ९०.३ टक्के. साखर चढली, संसर्ग झाले, भ्रम झाला, आणि म्हाताऱ्या शरीराने रक्ताच्या साठ्यापेक्षा याची किंमत जास्त मोजली. मग नेदरलँड्समध्ये ऑपरेशनऐवजी नुसतं डेक्सा देऊन पाहिलं (२०२३). त्यातल्या ५५ टक्के रुग्णांना शेवटी ऑपरेशन लागलंच, त्रासाचं प्रमाणही ५९ टक्क्यांवर गेलं (ऑपरेशनवाल्यांत ३२), आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ‘आधी आठ दिवस डेक्सा देऊन बघू, मग ठरवू’ हा सल्ला कुणी दिला तर दुसरं मत घ्या. मधुमेह असेल तर त्याच दिवशी घ्या.

उरला तो गाजलेला उपाय, मिडल मेनिंजियल धमनी बुजवण्याचा. कल्पना पटण्यासारखी आहे: पापुद्र्याला रक्त देणारी वाटच बंद केली की गळती सुकते. कॅथलॅबमध्ये बारीक कॅथेटर त्या धमनीपर्यंत नेतात आणि ओनिक्स किंवा स्क्विडसारखं द्रव, नाहीतर बारीक कण सोडतात. एम्बोलाइज चाचणीत ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनबरोबर हेही केलं. ९० दिवसांत दुसरं ऑपरेशन लागलं ते ४.१ टक्क्यांना, नुसत्या ऑपरेशनवाल्यांत ११.३ टक्क्यांना. स्टेम चाचणीत ३१० रुग्ण होते, उपाय फसण्याचं प्रमाण १६ टक्के विरुद्ध ३६. मात्र ‘फसणं’ या व्याख्येत सीटीवर १० मिलिमीटरपेक्षा जाड साठा उरणंही धरलं होतं, रुग्णाला त्रास असो वा नसो. चीनच्या मॅजिक-एमटीमध्ये ७२२ रुग्ण, साठा पुन्हा होऊन किंवा वाढून त्रास झाला तो ६.७ टक्के विरुद्ध ९.९ टक्क्यांना, सांख्यिकीच्या कसोटीवर फरक टिकला नाही. २०२५ मध्ये फ्रान्सची एम्प्रोटेक्ट आली. पुन्हा साठण्याचा धोका जास्त असलेले ३४२ रुग्ण, १४.८ टक्के विरुद्ध २१, इथेही फरक टिकला नाही. एम्बोलाइज आणि स्टेमचा खर्च ते द्रव बनवणाऱ्या कंपन्यांनी केला होता. त्याने आकडे खोटे ठरत नाहीत, पण वाचताना डोळे उघडे ठेवावेत. एम्बोलाइजमध्येच प्रक्रियेमुळे गंभीर त्रास दोन टक्क्यांना झाला, त्यात अपंगत्व आणणारा पॅरालिसिसही होता. काही माणसांत या धमनीतून डोळ्याला रक्त देणारी फांदी निघते. ती न ओळखता द्रव सोडलं तर त्या डोळ्याची दृष्टी जाते. चेहऱ्याच्या नसेला रक्त देणारी फांदी बुजली तर चेहरा वाकडा होतो.

चारही चाचण्यांचा कल एकाच बाजूचा आहे, म्हणून उपाय फोल नाही. पण प्रत्येकाला गरजेचाही नाही. एकदा ऑपरेशन होऊन पुन्हा साठलं, झडपेमुळे वॉरफरिन बंद ठेवता येत नाही, लिव्हर खराब असल्याने रक्त गोठत नाही, अशांसाठी नाशिक, सुरत, संभाजीनगर, मुंबईला जाण्याचा विचार करावा. हृदयाची अँजिओप्लास्टी होते ती प्रत्येक कॅथलॅब यासाठी चालत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम शिकलेला डॉक्टर हवा. आणि गुंगीत गेलेल्या माणसाला या उपायासाठी तीनशे किलोमीटर नेणं धोक्याचं आहे. धमनी बुजवल्यावर साठा जिरायला आठवडे लागतात, त्याला दाब आज उतरवून हवा असतो. जवळच्या न्यूरोसर्जनकडे भोक पाडून नळी आधी, बाकीचं नंतर.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत न्यूरोसर्जरीची ऑपरेशनं आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार घरी राहिलं म्हणून ऑपरेशन अडकलेलं नसतं, पण मंजुरी अडकते. धडगाव-अक्कलकुव्याकडून येताना १०८ बोलवावी आणि गुंगीतल्या रुग्णाला कुशीवर झोपवून आणावं, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही.

एक गट वेगळा काढायला हवा. तिशी-चाळिशीतल्या माणसाला, डोक्याला मार न लागता, दोन्ही बाजूंना असा साठा दिसला तर घाईने भोक पाडू नये. उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं का, हे विचारावं. नुकतंच कमरेत इंजेक्शन देऊन सिझर किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, तेही विचारावं. मणक्यातून पाणी गळत असेल तर मेंदू खाली खेचला जातो आणि शिरा ताणून फाटतात. इथे डोक्यातलं रक्त काढल्याने माणूस बिघडू शकतो. मणक्याचा एमआरआय करून गळती शोधावी लागते आणि बऱ्याचदा रुग्णाचंच रक्त कमरेत टोचून ती बंद होते.

घरी गेल्यावर साधारण पहिले तीन महिने जपायचे. पुन्हा डोकं दुखायला लागलं, चप्पल निसटायला लागली, बोलताना शब्द अडकायला लागले, झटका आला, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावं. बंद केलेली रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू करायची ते डिस्चार्ज कार्डवर तारखेसकट लिहून घ्या. हृदयाचा डॉक्टर म्हणतो सर्जनला विचारा, सर्जन म्हणतो हृदयवाल्याला विचारा, आणि या दोघांमध्ये गोळी सहा महिने बंदच राहते.